चौथ्या घटनेवर उभे राहिलेले राज्य

अमेरिकेच्या नकाशात मधोमध एक आयताकृती राज्य दिसते, कॅन्सस. गव्हाच्या शेतांसाठी ते ओळखले जाते. २९ जानेवारी १८६१ रोजी ते अमेरिकेच्या संघात ३४वे राज्य म्हणून दाखल झाले. त्याआधीच्या जेमतेम पावणेसात वर्षांत तिथे चार राज्यघटना लिहिल्या गेल्या. पहिल्या तीन बारगळल्या, चौथी टिकली. वॉशिंग्टनने नेमलेले सहा राज्यपाल या काळात येऊन गेले. एक वेळ अशी होती की दोन विधिमंडळे एकाच मुलखावर हक्क सांगत होती आणि एकमेकांना बेकायदा ठरवत होती. भांडण एकाच गोष्टीवरून होते: या नव्या राज्यात माणूस माणसाचा मालक असू शकेल का?

हा इतिहास सहसा गोळीबार आणि जाळपोळीच्या अंगाने सांगितला जातो. ‘रक्तबंबाळ कॅन्सस’ हे नाव त्याला तेव्हापासून चिकटले आहे. पण निकाल लागला तो मतदारयाद्या, मतपेट्या, सार्वमते आणि घटनेची कलमे यांच्या लढाईत. ‘लोकांनीच ठरवावे’ हे तत्त्व किती ठिकाणी पोखरता येते, हे इतक्या उघडपणे दाखवणारे दुसरे उदाहरण मला माहीत नाही. म्हणून ही गोष्ट कागदांच्या अंगानेच सांगतो.

आधी तिथली व्यवस्था समजून घेऊ. आपल्याकडे संसद कायदा करते आणि नवे राज्य होते. त्या राज्याची स्वतःची वेगळी घटना नसते. अमेरिकेत प्रत्येक राज्याची आपली घटना असते. एकोणिसाव्या शतकात पश्चिमेकडच्या मुलखाचे राज्य व्हायचे ते पायरीपायरीने. प्रथम काँग्रेस त्या मुलखाला ‘टेरिटरी’ म्हणून जाहीर करी. तिथला राज्यपाल आणि न्यायाधीश राष्ट्राध्यक्ष नेमत, विधिमंडळ मात्र रहिवासी निवडत. वस्ती पुरेशी वाढली की लोक घटना परिषद भरवत, घटना लिहीत, ती मतदानाला टाकत आणि मंजूर झालेली प्रत वॉशिंग्टनला पाठवत. काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांनी ती स्वीकारली की राज्य झाले.

शेवटच्या पायरीवर सगळे अडे. राज्य लहान असो की मोठे, सिनेटमध्ये त्याला दोन जागा मिळत. त्यामुळे गुलामगिरी असलेली आणि नसलेली राज्ये यांचा सिनेटमधला तोल हीच देशाच्या राजकारणाची नाडी होती. १८२०मध्ये मिसूरीवरून हा प्रश्न पेटला, तेव्हा तोड निघाली ती अशी: मिसूरीला गुलामगिरीसह आणि मेनला गुलामगिरीविना राज्याचा दर्जा द्यायचा, आणि फ्रान्सकडून विकत घेतलेल्या उरलेल्या मुलखात ३६ अंश ३० मिनिटे अक्षांशाच्या उत्तरेला गुलामगिरी कायमची बंद ठेवायची. कॅन्सस या रेषेच्या उत्तरेला येतो. म्हणजे १८५४पर्यंत, सलग ३४ वर्षे, कायद्याने तिथला प्रश्न निकालात निघालेला होता.

आणखी एक गोष्ट कायद्याने निकालात निघालेली होती, तिचा उल्लेख फार कमी होतो. पूर्व कॅन्ससची जमीन रिकामी नव्हतीच. शॉनी, डेलावेअर, किकापू, पोटावाटोमी अशा जमातींना पूर्वेकडच्या गावांतून उठवून सरकारने तिथे बसवले होते. ही जमीन आता कायमची तुमची, असे तहांत लिहून दिले होते. टेरिटरी करायची तर तो शब्द मोडणे भाग होते. १८५४मध्ये जमातींशी नवे तह करून सरकारने त्यांच्या जमिनी आक्रसून घेतल्या. स्वातंत्र्याची जी लढाई पुढे झाली, ती अशा जमिनीवर झाली, हे विसरून चालणार नाही.

गुलामगिरीबाबतचा १८२०चा निकाल १८५४मध्ये उलटवला तो इलिनॉयचे सिनेटर स्टीफन डग्लस यांनी. शिकागोहून पॅसिफिक किनाऱ्यापर्यंत रेल्वे न्यायची होती, त्यासाठी मधल्या मुलखात सरकारी व्यवस्था हवी होती, आणि तिच्यासाठी दक्षिणेची मते हवी होती. दक्षिणेच्या सिनेटरांनी, त्यांत मिसूरीचे डेव्हिड ॲचिसन आघाडीवर, आपली किंमत सांगितली: १८२०ची रेषा पुसा. डग्लस यांनी ती पुसली. कॅन्सस आणि नेब्रास्का अशा दोन टेरिटऱ्या करायच्या आणि तिथे गुलामगिरी असावी की नसावी हे तिथल्या लोकांवर सोडायचे, असे विधेयक त्यांनी आणले. सिनेटमध्ये ते ३७ विरुद्ध १४ मतांनी, प्रतिनिधिगृहात ११३ विरुद्ध १०० मतांनी पार पडले. राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन पिअर्स यांनी ३० मे १८५४ रोजी त्यावर सही केली.

ऐकायला किती न्याय्य वाटते! लोकांचा प्रश्न, लोकांचा निर्णय. पण कायद्याचा कागद नीट वाचला की गोम दिसते. लोकांनी कधी ठरवायचे, पहिल्या विधिमंडळात की थेट घटना लिहिताना, हे कायद्यात नव्हते. पहिल्या निवडणुकीत मत कोणाला? तर २१ वर्षांवरच्या, स्वतंत्र, गोऱ्या पुरुष रहिवाशाला. म्हणजे ज्यांच्या गळ्यात जोखड पडणार की नाही हे ठरायचे होते, ते आधीच ‘लोकां’तून वगळलेले. स्त्रिया वगळलेल्या. मूळचे जमीनदार असलेले आदिवासी वगळलेले. आणि जे उरले त्यांच्यात ‘रहिवासी’ कोण? किती दिवस राहिल्यावर? त्यावर कायदा गप्प. नदी ओलांडून सकाळी आलेला माणूस संध्याकाळी परत गेला, पण दुपारी तो रहिवासी होता, असे म्हणायला वाट मोकळी राहिली.

या वाटेने मिसूरीचे लोक शब्दशः चालत आले. पश्चिम मिसूरीत नदीकाठच्या तालेवार शेतकऱ्यांकडे गुलाम होते. दोरखंडासाठी लागणाऱ्या वाखाची शेती त्यांच्या श्रमावर चाले. शेजारचे राज्य गुलामगिरीमुक्त झाले तर आपले गुलाम हद्द ओलांडून पळतील, ही त्यांची भीती खरी होती. उलट बाजूने मॅसॅच्युसेट्समध्ये ईलाय थेअर यांनी स्थलांतरितांना मदत करणारी कंपनी काढली. तिने आणलेल्या लोकांनी लॉरेन्स हे गाव वसवले. ही माणसे संख्येने थोडी होती. गुलामगिरी नको म्हणणारे बहुतेक रहिवासी ओहायो, इंडियाना, इलिनॉय अशा राज्यांतून जमिनीच्या ओढीने आलेले साधे शेतकरी होते. पण मिसूरीत अफवा अशी पसरली की पूर्वेकडचे धनको भाडोत्री मतदारांची फौज पाठवताहेत. मग आपणही पाठवू, असा तो हिशेब.

१८५५च्या फेब्रुवारीत राज्यपाल अँड्र्यू रीडर यांनी खानेसुमारी करून घेतली. पात्र मतदार निघाले २,९०५. विधिमंडळाची निवडणूक ३० मार्चला झाली आणि मते पडली सहा हजारांवर. लॉरेन्समध्ये आदल्या दिवसापासून घोडागाड्यांतून सुमारे हजार माणसे येऊन तंबू ठोकून राहिली. बरोबर बंदुका होत्या, दोन तोफाही होत्या. आपली माणसे ओळखू यावीत म्हणून अनेकांनी कोटाच्या काजात वाखाचा झुपका खोवलेला होता. तिथे १,०३४ मते पडली. पुढच्या वर्षी काँग्रेसच्या चौकशी समितीने गावोगावी जबान्या घेतल्या आणि बाराशेहून अधिक पानांचा अहवाल दिला. त्यानुसार लॉरेन्सची ८०२ मते बाहेरच्यांची होती. साऱ्या टेरिटरीत मिळून बोगस मते ४,९०८.

रीडर यांनी काही मतदारसंघांत फेरनिवडणूक घेतली. विधिमंडळ भरताच बहुमतवाल्यांनी त्या फेरनिवडणुकीत आलेल्यांना घरी पाठवले, बैठकीची जागा उचलून मिसूरीच्या हद्दीजवळच्या शॉनी मिशनमध्ये नेली आणि कायदे करायला बसले. कायदे केले म्हणण्यापेक्षा उतरवले. मिसूरीचे कायदेपुस्तक जवळपास जसेच्या तसे घेतले, आणि जिथे ‘राज्य’ असेल तिथे ‘टेरिटरी’ समजावे असे एक कलम करून दुरुस्तीचा त्रासही वाचवला. गुलामगिरीचे कायदे मात्र मन लावून लिहिले. गुलामांच्या उठावाला मदत केली तर देहदंड. गुलामाला फूस लावून पळवले तर देहदंड किंवा दहा वर्षे सक्तमजुरी. या टेरिटरीत गुलाम बाळगण्याचा हक्क कोणाला नाही, असे नुसते बोलले वा छापले तरी किमान दोन वर्षे कैद. आणि अशा खटल्यांत ज्युरी म्हणून बसायचे तर गुलामगिरीला विरोध नसलेलाच माणूस हवा. लोकांनी ठरवायचा प्रश्न होता ना? त्यावर तोंड उघडणेच गुन्हा ठरला.

विरोधकांनी या विधिमंडळाला ‘बोगस’ म्हणून झिडकारले आणि स्वतःच घटना लिहायला घेतली. ऑक्टोबर-नोव्हेंबर १८५५मध्ये टोपीका गावी परिषद भरली. ही पहिली घटना. तिने गुलामगिरी बंद केली आणि मतदानात ती १,७३१ विरुद्ध ४६ अशी मंजूर झाली. पण त्याच मतदानात एक वेगळा प्रश्न विचारलेला होता: स्वतंत्र काळ्या माणसांनाही राज्यात येऊन राहायला बंदी करावी का? होकार १,२८७, नकार ४५३. हे आकडे मला या सगळ्या इतिहासात सर्वांत बोलके वाटतात. गुलामगिरीला ‘नाही’ म्हणणाऱ्या बहुसंख्यांना काळा शेजारीही नको होता. गुलामांचे श्रम फुकट मिळाले तर गोऱ्या मजुराची मजुरी पडेल, गुलामांचा मालक चांगली जमीन बळकावेल, ही त्यांची तक्रार. माणसाच्या हक्कापोटी लढणारेही त्यांच्यात होते, पण थोडे. ही मोट त्या थोड्यांनी बांधून ठेवली, हेच त्यांचे मोठे काम.

टोपीका घटना प्रतिनिधिगृहात ९९ विरुद्ध ९७ मतांनी निसटती पार झाली आणि सिनेटने अडवली. ४ जुलै १८५६ रोजी, स्वातंत्र्यदिनीच, टोपीकात जमलेल्या विधिमंडळाला कर्नल एडविन समनर यांनी केंद्राची फौज नेऊन पांगवले.

रक्तपाताची हकीकत थोडक्यात सांगतो, कारण ती इतरत्र पुष्कळ लिहिलेली आहे. २१ मे १८५६ रोजी लॉरेन्सवर चाल करून आलेल्या जमावाने तिथले हॉटेल उद्ध्वस्त केले आणि दोन वृत्तपत्रांचे छापखाने मोडले. दुसऱ्या दिवशी वॉशिंग्टनमध्ये, कॅन्ससवर भाषण करणाऱ्या सिनेटर चार्ल्स समनर यांना सभागृहातच साउथ कॅरोलायनाच्या प्रेस्टन ब्रुक्स या प्रतिनिधीने काठीने रक्तबंबाळ केले. त्यानंतर दोन दिवसांनी, रात्री, कट्टर गुलामगिरीविरोधक जॉन ब्राउन आणि त्याच्या साथीदारांनी पोटावाटोमी ओढ्याकाठच्या, गुलामगिरीच्या बाजूच्या पाच जणांना घरांतून बाहेर काढून ठार मारले. पुढचे काही महिने सूड आणि प्रतिसूड यांतच गेले.

पण घटनेचा प्रश्न तसाच उभा होता. १८५७मध्ये गुलामगिरीवाल्यांनी लेकॉम्प्टन गावी घटना परिषद भरवली. प्रतिनिधींच्या निवडीवर विरोधकांनी बहिष्कार घातला, त्यामुळे परिषदेत एकाच बाजूची माणसे आली. इकडे ऑक्टोबरात टेरिटरीच्या विधिमंडळाची नवी निवडणूक झाली. या वेळी मात्र विरोधक मैदानात उतरले. तेव्हा ऑक्सफर्ड नावाच्या, मोजकी घरे असलेल्या वस्तीतून १,६२८ मतांची यादी आली. नावे ओळीने लिहिलेली होती आणि ती ओहायोतल्या सिन्सिनाटी शहराच्या रहिवासी-सूचीतून उतरवलेली आहेत, असे तपासणाऱ्यांच्या लक्षात आले. राज्यपाल रॉबर्ट वॉकर स्वतः दक्षिणेचे, मिसिसिपीचे सिनेटर राहिलेले. स्वपक्षाचा तोटा होणार हे दिसत असूनही त्यांनी ती यादी फेटाळली आणि विधिमंडळ विरोधकांच्या हाती गेले. या प्रकरणात ज्या मोजक्या माणसांना मान द्यावासा वाटतो, त्यांत वॉकर आहेत.

लेकॉम्प्टनची घटना ही दुसरी. मालमत्तेचा हक्क कोणत्याही घटनेच्या आधीचा आणि तिच्याहून वरचा आहे, आणि गुलाम व त्याची संतती ही तशीच मालमत्ता आहे, असे तिच्यात लिहिले होते. १८६४पर्यंत घटनेत बदल करता येणार नव्हता आणि नंतरही गुलामांच्या मालकीला हात लावता येणार नव्हता. खरी मेख मतदानात मारली होती. पूर्ण घटना हवी की नको, हा प्रश्न लोकांना विचारलाच नाही. विचारले एवढेच: घटना ‘गुलामगिरीसह’ हवी की ‘गुलामगिरीविना’? आणि ‘विना’ म्हटले तरी आधीपासून टेरिटरीत असलेले गुलाम गुलामच राहणार. २१ डिसेंबर १८५७च्या मतदानावर विरोधकांनी बहिष्कार घातला. ‘सह’ला ६,२२६ मते, ‘विना’ला ५६९. ‘सह’ची २,७२० मते बोगस असल्याचे पुढे सिद्ध झाले.

नव्या विधिमंडळाने मग ४ जानेवारी १८५८ रोजी स्वतःचे मतदान ठेवले आणि न विचारलेला प्रश्न विचारला. घटनेच्या विरुद्ध १०,२२६ मते पडली. दोन्ही प्रकारे मिळून बाजूने १६२.

त्याच दिवशी लेकॉम्प्टन घटनेखालच्या पदांसाठीही मतदान झाले होते. डेलावेअर क्रॉसिंग इथल्या निकालपत्रकात कोणी तरी शेकडो नावे घुसडली होती. विधिमंडळाने चौकशी लावली. मूळ कागद कुठे आहेत, असे भूमापन कार्यालयातल्या कारकुनाला शपथेवर विचारले, तेव्हा ते वरिष्ठांकडे पाठवून दिल्याचे त्याने सांगितले. प्रत्यक्षात ते मेणबत्त्यांच्या रिकाम्या खोक्यात घालून कार्यालयाजवळच्या लाकडांच्या ढिगाऱ्याखाली पुरले होते. खबर लागल्यावर शेरीफ सॅम्युएल वॉकर यांनी ढिगारा उपसून खोके बाहेर काढले. कारकून तोवर पसार झाला होता. एका राज्याचे भवितव्य ठरवणारी निकालपत्रके जळाऊ लाकडांखाली सापडली, ही बातमी देशभर गेली.

तरीही राष्ट्राध्यक्ष जेम्स ब्युकॅनन यांनी हीच घटना स्वीकारावी म्हणून काँग्रेसकडे धाडली. इथे डग्लस यांनी आपल्याच पक्षाच्या राष्ट्राध्यक्षाशी उभा दावा मांडला. गुलामगिरी नैतिकदृष्ट्या चूक आहे म्हणून त्यांनी विरोध केला नाही. लोकांनी ठरवलेले नाही म्हणून केला. सिनेटमध्ये घटना पार झाली, प्रतिनिधिगृहात अडली. तडजोड म्हणून लोकांसमोर आडवाटेने पुन्हा प्रश्न ठेवला: सरकारी जमिनीचे नेहमीएवढे अनुदान घेऊन या घटनेसह लगेच राज्य व्हा, नाही तर प्रतिनिधिगृहात एका जागेला लागते तेवढी वस्ती होईपर्यंत थांबा. २ ऑगस्ट १८५८ रोजी लोकांनी थांबणे पसंत केले. विरुद्ध ११ हजारांवर मते, बाजूने दोन हजारांच्या आत. लेकॉम्प्टन घटना तिथे संपली. तिने जाता जाता डेमोक्रॅटिक पक्षाची दोन शकले केली आणि १८६०मध्ये अब्राहम लिंकन यांना त्याचा फायदा झाला.

तिसरी घटना लेव्हनवर्थची, १८५८ सालचीच. हक्कांच्या बाबतीत ती सर्वांत पुढे होती. मताधिकाराच्या कलमातून तिने ‘गोरा’ हा शब्द काढून टाकला. वॉशिंग्टनमध्ये तिला कोणी वाली मिळाला नाही.

या सगळ्या मतदानांत ज्यांचे नाव कुठल्याच यादीत नव्हते, ते गप्प बसले होते असे मात्र नाही. डिसेंबर १८५८मध्ये जिम डॅनियल्स हा गुलाम झाडू विकण्याच्या निमित्ताने मिसूरीतून हद्द ओलांडून कॅन्ससमध्ये आला. मालकाची मालमत्ता विकली जाणार होती, तिच्यात तो, त्याची गरोदर बायको आणि मुलेही होती. मदत करा, एवढेच तो सांगायला आला होता. दुसऱ्याच रात्री जॉन ब्राउनच्या टोळीने मिसूरीत घुसून अकरा गुलामांची सुटका केली. त्या धाडीत एक मालक मारला गेला. ऐन थंडीत गाड्यांतून, आडमार्गाने, ही माणसे मार्च १८५९मध्ये कॅनडात पोचली. वाटेत डॅनियल्स दांपत्याला मूल झाले, त्याचे नाव त्यांनी जॉन ब्राउन ठेवले. ज्याला कायदा ‘लोक’ मानत नव्हता, त्याने पायांनी आपला निर्णय दिला होता. मिसूरीचे मालक ज्या भीतीने मतपेट्या भरत होते, ती भीती अशा माणसांनी खरी केली.

चौथी परिषद ५ जुलै १८५९ रोजी वायंडॉट गावी भरली. हे गावही वायंडॉट जमातीचे; १८४३मध्ये ओहायोतून उठवून त्यांना इकडे आणले होते. परिषदेत ५२ प्रतिनिधी होते: ३५ रिपब्लिकन, १७ डेमोक्रॅट. बहुतेक तरुण. पहिल्या भांडणातले पुढारी जवळपास कोणीच निवडून आले नव्हते, आणि ते बरेच झाले. ओहायोची घटना नमुना म्हणून समोर ठेवून त्यांनी जुलै संपायच्या आत काम उरकले.

सभागृहात धर्मोपदेशकाच्या शेजारच्या खुर्चीत एक बाई रोज विणकाम घेऊन बसत. क्लॅरिना निकल्स. व्हरमाँटमध्ये त्यांनी वृत्तपत्र चालवले होते, १८५४मध्ये त्या कॅन्ससला आल्या. प्रतिनिधी म्हणून निवडून येण्याचा हक्क त्यांना नव्हता. एका महिला हक्क संघटनेच्या वतीने त्या बसत. हातात सुया, कान चर्चेवर. मधल्या सुट्टीत एकेका प्रतिनिधीला गाठून त्या मुद्दा पटवत. तेव्हाच्या कायद्यानुसार लग्न झाले की बाईची मिळकत नवऱ्याची होई आणि मुलांचा ताबाही त्याचाच असे. वायंडॉट घटनेत निकल्स यांच्या खटपटीने तीन गोष्टी आल्या: विवाहित स्त्रीला स्वतःच्या मालमत्तेवर हक्क, मुलांच्या ताब्यात आईला बापाच्या बरोबरीचा वाटा, आणि शाळा मंडळांच्या निवडणुकांत बायकांना भाग. ‘पुरुष’ हा शब्द मताधिकाराच्या कलमातून काढून घेणे मात्र त्यांना साधले नाही.

या घटनेने गुलामगिरी कायमची बंद केली. कर्जात बुडालेल्या कुटुंबाची १६० एकरांपर्यंतची शेती किंवा गावातले एक एकरावरचे घर जप्तीपासून वाचवले. काळ्या माणसांना राज्यात यायला बंदी करावी, त्यांच्या मुलांना सरकारी शाळांत घेऊ नये, असे प्रस्ताव डेमोक्रॅट प्रतिनिधींनी आणले. ते हाणून पाडले गेले. टोपीकाच्या त्या १,२८७ मतांनंतर चार वर्षांत एवढे अंतर कापले गेले होते. पण मताधिकार ‘गोऱ्या पुरुषां’पुरताच राहिला. तेवढा शब्द ठेवला तर घटना लोकांच्या आणि काँग्रेसच्या गळी उतरेल, असा हिशेब त्यामागे होता. हिशेब बरोबर निघाला, पण त्याची किंमत ज्यांनी मोजली ते त्या सभागृहात नव्हते.

डेमोक्रॅट प्रतिनिधींनी सही करायला नकार दिला. ४ ऑक्टोबर १८५९ रोजी लोकांनी घटना १०,४२१ विरुद्ध ५,५३० मतांनी मंजूर केली. प्रतिनिधिगृहानेही १८६०च्या एप्रिलमध्ये मान्यता दिली. सिनेटमध्ये दक्षिणेने ती रोखून धरली. लिंकन निवडून आल्यावर दक्षिणेची राज्ये एकेक करून संघातून बाहेर पडू लागली. २१ जानेवारी १८६१ रोजी जेफर्सन डेव्हिस आणि इतर काही दक्षिणी सिनेटर निरोपाची भाषणे करून निघून गेले. त्याच दिवशी, उरलेल्या सिनेटने कॅन्ससचे विधेयक ३६ विरुद्ध १६ मतांनी मंजूर केले. आठ दिवसांनी ब्युकॅनन यांनीच त्यावर सही केली. लेकॉम्प्टनसाठी ज्यांनी आपला पक्ष पणाला लावला, त्यांच्याच हातून हे व्हावे! १८६०च्या खानेसुमारीत कॅन्ससची लोकसंख्या १,०७,२०६ होती आणि गुलाम म्हणून नोंदलेली माणसे दोन.

अडीच महिन्यांत यादवी युद्ध पेटले. ऑक्टोबर १८६२मध्ये मिसूरीतल्या आयलंड माउंड इथे कॅन्ससच्या काळ्या सैनिकांची पलटण लढली. उत्तरेच्या बाजूने काळ्या सैनिकांनी केलेल्या पहिल्या लढायांपैकी ती एक. त्यांतले अनेक जण मिसूरीतून आणि आसपासच्या मुलखातून पळून आलेले गुलाम होते. १८६५मध्ये साऱ्या देशात गुलामगिरी संपली. त्या लढ्याची दखल पुण्यात बसून जोतीराव फुल्यांनी घेतली होती: १८७३चे ‘गुलामगिरी’ हे पुस्तक त्यांनी काळ्या गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केले, आणि आपले देशबांधव शूद्रांच्या दास्यमुक्तीसाठी तोच कित्ता गिरवतील अशी आशा व्यक्त केली.

कॅन्ससमध्ये अर्धवट सोडलेली कामे पुढे एकेक करून उभी राहिली. १८६७मध्ये ‘गोरा’ आणि ‘पुरुष’ हे दोन्ही शब्द घटनेतून काढावेत म्हणून दोन वेगळी सार्वमते झाली, दोन्ही पडली. कॅन्ससला ज्यांच्यावरून नाव पडले, त्या कान्सा जमातीला १८७३मध्ये राज्याबाहेर हलवले गेले. राज्यातल्या बायकांना पूर्ण मताधिकार १९१२मध्ये मिळाला. शाळांचा दरवाजा १८५९मध्ये बंद झाला नव्हता, पण वेगळे बसवण्याला मनाई करणारे कलमही लिहिले गेले नव्हते. १८७९च्या कायद्याने मोठ्या शहरांना काळ्या मुलांच्या वेगळ्या प्राथमिक शाळा काढायची मुभा दिली. त्या शाळांविरुद्ध टोपीकाचे पालक न्यायालयात गेले, आणि १७ मे १९५४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘ब्राउन विरुद्ध बोर्ड ऑफ एज्युकेशन’ या निकालात साऱ्या देशातली सरकारी शाळांमधली वर्णभेदी विभागणी घटनाबाह्य ठरवली. कॅन्सस टेरिटरीच्या कायद्याला तेव्हा शंभर वर्षे पुरी व्हायला तेरा दिवस बाकी होते.

वायंडॉटची घटना अजून चालू आहे. सर्व माणसांना समान आणि अहरणीय नैसर्गिक हक्क आहेत, असे तिच्या हक्कांच्या सनदेचे पहिले कलम सांगते. २०१९मध्ये कॅन्ससच्या सर्वोच्च न्यायालयासमोर गर्भपाताच्या हक्काचा प्रश्न आला, तेव्हा न्यायाधीशांनी १८५९च्या परिषदेतली चर्चा पुन्हा उघडून वाचली आणि स्वतःच्या शरीराविषयीचा निर्णय या कलमाच्या कक्षेत येतो, असा निकाल दिला. तो निष्प्रभ करणारी घटनादुरुस्ती २ ऑगस्ट २०२२ रोजी सार्वमताला आली आणि सुमारे ५९ टक्के मतदारांनी ती नाकारली. पहिल्या कलमात १८५९पासून एका शब्दाचाही बदल झालेला नाही.